ओरडण्याची शिकवणी

ओरडायला शिकवावे लागते, हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना मोठे विचित्र वाटते. मूल जन्माला येते तेच मुळी ओरडत. ते ओरडले नाही तर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि त्याने एकदा टाहो फोडला की दाराबाहेर बसलेल्या आजोबांच्या तोंडावर हसू फुटते. म्हणजे ही विद्या आपण जन्मतःच बरोबर घेऊन येतो. पुढे तिचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. "हळू बोल, बाहेर पाहुणे बसलेत", "मुलीच्या जातीनं इतक्या मोठ्यानं हसू नये", "शेजारी काय म्हणतील" अशी वाक्ये ऐकत ऐकत आपण मोठे होतो. मुलग्यांच्या बाबतीत हे शिक्षण बहुधा अर्ध्यावर सुटते. मुलींच्या बाबतीत ते नेटाने पूर्ण केले जाते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मॅट्रिक झाले, चित्रकलेची परीक्षा दिली आणि फळ्यासमोर उभी राहिले, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दोन्ही व्यवसायांत माणसांकडे निरखून पाहावे लागते. त्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. वर्गात प्रश्न विचारला की मागच्या बाकांवरची मुले उत्तर येत नसले तरी गलका करून हात वर करतात. मुली उत्तर येत असूनही आधी शेजारणीकडे पाहतात. पण त्याच मुली संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात उतरल्या की त्यांचा आवाज थेट शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू येतो. तेव्हा गळा शाबूत असतो, यात शंका नाही. तो कोठे वापरायचा आणि कोठे नाही, याची एक रेघ कोणीतरी त्यांच्या मनात आखून ठेवलेली असते.

ही रेघ पुसण्याची रीतसर शिकवणी असते, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले, आणि तेही सातासमुद्रापलीकडे.

माझ्या ताईची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका गावी नोकरी करते. ताईबरोबर मीही तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, येत्या रविवारी आमच्या वर्गाचा शेवटचा दिवस आहे. घरच्या माणसांना बोलावलंय. तू आणि आई, दोघी यायचं हं." मला वाटले, गाण्याचा नाही तर नाचाचा वर्ग असेल. कोणती साडी नेसू, असे मी विचारल्यावर ती खळखळून हसली आणि म्हणाली, "कुठलीही नेस. वर्ग मारामारीचा आहे."

ताईने कपाळाला हात लावला. "आता या वयात हिला कुणाशी मारामारी करायचीय?"

कारण तसे घडले होते. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी कचेरीच्या इमारतीखाली, गाड्या ठेवण्याच्या तळघरात, एक मनुष्य तिच्या मागून आला. किती वाजले, असे विचारत तो इतका जवळ येऊन उभा राहिला की गाडीचे दार उघडायलाही जागा उरली नाही. तेवढ्यात दुसरी एक गाडी आत शिरली, दिव्यांचा झोत पडला आणि तो सावकाश चालत निघून गेला. घडले ते एवढेच. आईला काळजी नको म्हणून तिने ते कळवलेही नव्हते. मला मात्र ती रात्री स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता म्हणाली, "मावशी, तो काही करायच्या आत गेला, ते ठीक. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. बाजूला व्हा, एवढंसुद्धा नाही. मी कॉलेजात वादविवादाच्या ढाली मिळवल्यात ग! तो आवाज गेला कुठं?"

तिच्या या प्रश्नाला त्या शिकवणीत उत्तर होते. ते समजण्यासाठी तिच्या जन्मकथेकडे वळायला हवे. १९७१ साली कॅलिफोर्नियात, कराटेचा काळा पट्टा मिळवलेल्या एका स्त्रीवर हल्ला झाला आणि इतकी वर्षे घोटलेली विद्या ऐन वेळी तिच्या कामी आली नाही. तिनेच विद्येला कमीपणा आणला, असे म्हणणारेही निघाले, असे सांगतात. मॅट थॉमस नावाच्या युद्धकलेच्या शिक्षकाने मात्र प्रश्न उलटा केला. शिकणारणीत काही उणे होते, की शिकवण्यातच? आखाड्यात दोघे समोरासमोर उभे राहतात, वाकून नमस्कार करतात, कोणी इशारा केला की सुरुवात करतात आणि ठोसा समोरच्याच्या नाकापासून दोन बोटांवर थांबवतात. रस्त्यावर यातले काहीच नसते. तिथे माणूस मागून येऊन धरतो, खाली पाडतो, घाणेरडे बोलतो, आणि त्याआधी बहुधा गोडही बोलतो. थांबवलेल्या ठोशाची सवय झालेला हात तिथेही थांबण्याचाच संभव अधिक. तेव्हा सराव करायचा तर पुऱ्या जोराने मारण्याचा करायला हवा, आणि तसा करायचा तर मार खाणारा माणूस जिवंत राहायला हवा! यातून गाद्यांचे चिलखत घातलेला हल्लेखोर जन्माला आला. या पद्धतीला 'मॉडेल मगिंग' असे नाव पडले, आणि पुढे तिच्यातूनच 'इम्पॅक्ट' या नावाने चालणारे वर्ग निघाले. कोलोरॅडोच्या डोंगरात पेटन क्विन नावाच्या गृहस्थाने हीच वाट धरली. दारूच्या गुत्त्यांत दांडगाई करणाऱ्यांना आवरण्याचे काम त्याने केले होते, त्यामुळे खरी मारामारी कशी सुरू होते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याच्याकडे पुरुषही शिकायला येत.

रविवारी आम्ही गेलो. एका शाळेची व्यायामशाळा होती, जमिनीवर निळ्या गाद्या पसरलेल्या. एका भिंतीशी बारा-तेरा बायका ओळीने उभ्या होत्या. त्यांत माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या, तशी पांढऱ्या केसांची एक आजीही होती. शिकवणारी बाई मध्यम वयाची, अंगाने किरकोळ. आणि मग पलीकडच्या दारातून तो आला.

मुलांना माणूस काढायला सांगितला की ती आधी भोपळ्याएवढे डोके काढतात आणि मग उरलेल्या जागेत हातपाय कोंबतात. तो तसा दिसत होता. डोक्यावर शिरस्त्राण, पण ते इतके जाड आणि एवढे मोठे, की खांद्यांपेक्षा डोकेच रुंद वाटावे. त्यावर चंदेरी चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या आणि डोळ्यांच्या जागी जाळी. छातीपासून मांड्यांपर्यंत गाद्या बांधलेल्या. चेहरा दिसत नसल्यामुळे तो कोणीही असू शकत होता. ताईने माझा हात घट्ट धरला.

पहिली काही मिनिटे मारामारी झालीच नाही, नुसते बोलणे झाले. एकेक बाई पुढे येई, तो तिच्याकडे चालत येई आणि काहीबाही बोलू लागे. "ए, जरा थांब ना." "इतकी घाई कसली?" "मी काय खातोय का तुला?" तिने दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरायचे, पाय जमिनीत रोवायचे आणि सांगायचे : "तिथंच थांबा. मला बोलायचं नाही. मागे व्हा." बस्स. कारण द्यायचे नाही, क्षमा मागायची नाही, आणि उगाच हसायचे नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड जाते, असे भाची सांगत होती. भीती वाटली की आपण हसतो. समोरच्याला राग येऊ नये म्हणून ओठ आपोआप ताणले जातात. एका बाईला चार वेळा परत पाठवले, कारण तिचे शब्द बरोबर होते पण चेहरा माफी मागत होता. पाचव्या वेळी तिने जे सांगितले, ते ऐकून तो गाद्यांचा राक्षस खरोखरच दोन पावले मागे सरला.

त्यानंतर खरी झुंज. तो मागून येऊन कवेत धरी, खाली पाडी. मग त्या बायका कोपर, गुडघा आणि तळव्याचा मनगटाजवळचा भाग, एवढीच हत्यारे वापरून त्याच्या तोंडावर, जांघेत मारीत. जमिनीवर पडल्या तर कुशीवर वळून पायांनी लाथा मारीत. कारण स्त्रीचे बळ खांद्यांत कमी आणि कमरेत, मांड्यांत अधिक, आणि खाली पडलेल्या बाईचे पाय मोकळे असतात, याचा हल्लेखोराला विसर पडलेला असतो. प्रत्येक फटक्याबरोबर सगळ्या ओळीने मिळून एकच शब्द गर्जायचा : "नो!" ओरडण्याने श्वास अडकत नाही, हे त्यामागचे कारण. भीतीने माणूस श्वास धरून ठेवतो आणि श्वास धरला की शरीर आखडते. ज्या फटक्याने खराखुरा माणूस कोसळला असता असा फटका बसला, की तो शिरस्त्राणाला हात लावून खूण करी, शिट्टी वाजे, आणि त्या बाईने उठून चहूकडे पाहायचे, दुसरा कोणी नाही ना हे तपासायचे, ओळीकडे पळत जायचे आणि ९११ म्हणून ओरडायचे. हा तिकडचा मदतीचा क्रमांक, आपला ११२.

हे सारे नाटक आहे, हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होते. तरीही त्यांचे हात कापत होते, ओठ कोरडे पडत होते. हीच या शिकवणीची किल्ली आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसले की त्या रक्तात एक रस सोडतात. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढल्याचे जाहीर केले आणि त्याला अॅड्रेनलिन हे नाव दिले. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन याने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की भीती आणि संताप या दोन्ही वेळी शरीर झुंजायची किंवा पळायची तयारी करते. हृदय धडधडते, रक्त पोटातून निघून मोठ्या स्नायूंकडे धावते, बाहुल्या रुंदावतात. बळ वाढते खरे, पण नाजूक कामे बिघडतात. किल्ली कुलपात जात नाही. नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होते, कधी कधी आवाज ऐकू येईनासे होतात, आणि पाठ केलेल्या बारीकसारीक युक्त्या पार विसरतात. शाळेत हे मी दर वर्षी पाहते. घरी आईसमोर कविता घडाघडा म्हणणारी मुलगी वार्षिक समारंभात व्यासपीठावर चढली की दुसऱ्या ओळीला थांबते. कविता तिला येत असते. फक्त धडधडत्या छातीने ती कधी म्हटलेली नसते. म्हणून हे शिक्षक आधी छाती धडधडवतात आणि मगच शिकवतात. शिकवायचे तेही थोडे, ढोबळ, आणि थरथरत्या हातांनाही जमेल असे.

पण झुंजणे आणि पळणे याखेरीज तिसराही एक प्रकार असतो, आणि भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. शरीर थिजते. सशाला, उंदराला धरले की ते मेल्यासारखे निपचित पडतात, तसे. त्यात मनाचा निर्णय नसतो. स्टॉकहोमच्या एका अभ्यासात, अत्याचारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांची विचारपूस केली गेली. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी आपले शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले. ४८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ते थिजणे अतितीव्र होते. हलता येत नव्हते, ओरडता येत नव्हते.

भाचीने हे सांगितले तेव्हा माझ्या हातातले पुसायचे ताट तसेच राहिले. मला एकदम माझी मॅट्रिकची परीक्षा आठवली. केंद्र तालुक्याला होते. एस.टी.त मुंगी शिरायला जागा नव्हती. दप्तर छातीशी धरून मी उभी होते आणि मागून एक हात आला. गाव येईपर्यंत वीस मिनिटे लागली. भोवती माझ्या ओळखीची माणसे होती; नुसते "अहो" म्हटले असते तरी चारजण वळून पाहते. मी खिडकीबाहेरची बाभळीची झाडे मोजीत राहिले. त्या दिवशीचा भूमितीचा पेपर मी चांगला सोडवला, हेही आठवते. घरी कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर पहिला प्रश्न कोणता आला असता, ते मला ठाऊक होते : "मग तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न इतर कोणी विचारला नाही, तरी तीस वर्षे तो माझ्याजवळ होता. त्या स्वयंपाकघरात, भाचीच्या तोंडून ऐकलेल्या या थोड्या शरीरशास्त्राने, तो मला खाली ठेवता आला.

फराळाचे ताट समोर असताना हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण हाच प्रश्न आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, आणि तिने आरडाओरडा केला होता हे न्यायालयाला पटले नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि विचारले, की निमूटपणा म्हणजे संमती कशी? देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिले गेले, की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते वाक्य आहे. कायद्याला हे कळायला इतकी वर्षे लागली. घरोघरच्या ओसऱ्यांवर ते अजून पोचायचे आहे.

आता प्रश्न असा, की शरीर जर आपोआप थिजते, तर शिकवणीने काय होणार? त्याचे उत्तर मी डोळ्यांनी पाहिले. त्या बायकाही पहिल्या दिवशी थिजत असत. गाद्यांचा माणूस अंगावर आला की एखादी नुसती उभी राही. तेव्हा शिक्षिका तिच्या मागे जाऊन उभी राही, खांद्यापाशी तोंड नेऊन हळूच म्हणे, "श्वास घे. आता ओरड." ओळीतल्या बाकीच्या तिच्यासाठी ओरडत. मग कोठूनतरी एक बारीक आवाज निघे, आणि एकदा आवाज निघाला की हात हले. पुढच्या खेपेला थिजण्याचा अवधी कमी होई. ज्या वाटेवरून शरीर एकदा बाहेर पडले, ती वाट त्याला सापडते.

भाचीची पाळी शेवटून दुसरी आली. शेवटच्या दिवशी ज्याचा त्याने प्रसंग निवडायचा असतो. तिने तळघर निवडले. खुर्च्या मांडून गाडी केली, हातात किल्ल्या घेतल्या. तो आला आणि विचारू लागला, किती वाजले. ताईला काहीच माहीत नव्हते. तरी तिने मान खाली घातली. मी पाहत राहिले. भाचीने तळवे वर केले, इंग्रजीत सांगितले, मागे व्हा. तो हसला आणि आणखी जवळ आला. मग त्याने तिचे मनगट धरले, आणि त्या व्यायामशाळेच्या पत्र्याखाली जो आवाज घुमला तो मराठी होता. "नाही! सोड! मागे हो! मागे हो!" ओळीतल्या बायकांना अर्थ कळला नसेल, पण त्यांनी तोच शब्द उचलला, आणि चिनी, मेक्सिकन, गोऱ्या, काळ्या अशा डझनभर बायका "नाही! नाही!" म्हणून गर्जू लागल्या. शिट्टी वाजली तेव्हा तो गादीवर आडवा होता, आणि आमची ताई खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. तिला हे कधी सांगावे, हा प्रश्न त्या रात्री आपोआप सुटला. मायलेकी पहाटेपर्यंत बोलत बसल्या होत्या.

समारंभ संपल्यावर मी त्या गाद्यांच्या माणसाशी बोलले. शिरस्त्राण काढल्यावर आतून पन्नाशीचा, टक्कल पडत आलेला, घामाने निथळणारा एक सौम्य गृहस्थ निघाला. एरवी तो मुलांना गणित शिकवतो, हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखे वाटले. लागत नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, "लागतं. पण कुणी हळू मारलं तर मला जास्त वाईट वाटतं. दया दाखवायला मी तिला शिकवत नाही." घाणेरडे बोलताना मात्र दर वेळी आपल्याला मळमळते, आणि वर्ग सुटला की घरी जाऊन बराच वेळ अंघोळ करतो, असेही त्याने सांगितले. विद्यार्थ्याने शिकावे म्हणून शिक्षकाने काय काय सोसावे, याची माझी कल्पना त्या दिवशी बरीच वाढली.

शंका मलाही होत्या. ताईने तर तिथेच विचारले, "आणि ज्यांना खरं शिकवायला हवं, त्या मुलग्यांचं काय?" प्रश्न बिनतोड होता. शिक्षिका म्हणाली, मुलग्यांसाठीही वर्ग असतात, आणि मुली शिकल्या म्हणून मुलग्यांचे शिक्षण माफ होत नाही. दुसरी शंका अशी, की हल्ला करणारा नेहमी अनोळखी थोडाच असतो? पुष्कळदा तो घरात येणारा-जाणारा, ओळखीचा असतो. त्याला लाथ कशी मारणार? म्हणूनच निम्मी शिकवणी बोलण्याची असते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. शार्लिन सेन या प्राध्यापिकेने आखलेल्या त्या १२ तासांच्या शिक्षणात गाद्यांचा हल्लेखोर नव्हता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणे, स्वतःच्या संकोचावर मात करणे, स्पष्ट नकार देणे आणि थोडा अंगाचा बचाव, असा तो पाठ होता. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण न शिकलेल्या मुलींत ९.८ टक्के निघाले, शिकलेल्यांत ५.२ टक्के. अर्धा धोका टळला. पण उरलेला अर्धाही लक्षात ठेवायला हवा. ज्या मुलीचा आवाज त्या दिवशी निघणार नाही, तिला कोणी नापास ठरवू नये. ही एवढी एक गोष्ट पक्की केल्याशिवाय ही शिकवणी मी कोणाला देणार नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आमच्याकडे गाद्यांचे चिलखत कोठून असणार? आणि ते घालणारे शिक्षकही तयार व्हावे लागतात. हौसेने करायचे ते काम नव्हे. म्हणून मारण्याचे मी काही घेतले नाही. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत आठवी-नववीच्या मुलींना अर्धा तास थांबवू लागले. दोन ओळी समोरासमोर. एकीने चालत यायचे, दुसरीने तळवे उघडे धरून सांगायचे : "तिथंच थांब." पहिला शनिवार हसण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी सातवीतल्या दोघी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही आत घेतले. मग पुढच्या पायरीत "ओळखीचे काका" आणले. मुलींना हे सोंग फार चांगले वठवता येते, हे पाहून मी चमकले. काकांचे एकेक वाक्य त्या कोणी न शिकवता म्हणत होत्या. "अग, माझ्यासमोर कसली लाजतेस?" "आईला कशाला सांगायचं?" खोलीत हसणे थांबले ते त्या दिवशी. सुटल्यावर दोघी मागे रेंगाळल्या. त्यांपैकी एकीच्या आईला मला दुसऱ्या दिवशी भेटावे लागले. ती हकीकत इथे सांगण्याची नाही. पण ती मुलगी आता त्या नातेवाइकाच्या घरी जात नाही, एवढे सांगते.

एक मुलगी मात्र बरेच दिवस नुसतेच ओठ हलवी. चित्र उत्तम काढते, पण हजेरीला "हजर" म्हटलेलेही मला ऐकू येत नाही, अशी ती मुलगी. मी तिला कधी आग्रह केला नाही. तिची पाळी आली की बाकीच्या तिच्यासाठी ओरडत. सप्टेंबरातल्या एका शनिवारी, बाहेर पाऊस पडत असताना, समोरून येणारी मैत्रीण तिच्या अगदी नाकासमोर येऊन ठेपली, आणि त्या किरकोळ मुलीतून असा काही आवाज निघाला की पत्र्याखालच्या वाशांवर बसलेली कबुतरे फडफडून उडाली आणि माझ्या टेबलावरचा ब्रशांचा पेला कलंडला. समोरची मैत्रीण तर चार पावले मागे जाऊन बाकावरच बसली.

शाळेचे शिपाईमामा भिजत, धापा टाकीत दाराशी आले. "बाई, काय झालं? कोण ओरडलं?"

खोलीत क्षणभर कोणी बोलेना. मग ती मुलगीच, अजून छाती वरखाली होत असताना, पुढे झाली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काही नाही मामा. चित्रकलेचा तास चाललाय."